फोटोतून कापलेलं खेचर

माझ्या बापाची मला किळस आली ती एका फोटोमुळे. असं लिहायला हात धजत नाही, पण आली, आणि चांगली अडीच-तीन महिने टिकली. त्या दिवसांत मी त्यांना वेळेवर जेवायला वाढत होते, त्यांचे कपडे धूत होते, आणि ते बोलायला लागले की त्यांच्या दातांकडे बघायचं टाळत होते.

बाबा फौजेत होते. पण बंदूकवाले नव्हते, खेचरवाले होते. डोंगरी सरहद्दीवर जिथे गाडी जात नाही तिथे गोळ्यांच्या पेट्या, रॉकेल, पीठ, तंबू सगळं खेचरांच्या पाठीवर चढायचं. कधी वरून उतरताना जखमी माणूसही त्याच पाठीवर यायचा. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भरती झालेल्या या पोराला कोणीतरी विचारलं होतं, जनावरं सांभाळता येतात का? बाबा हो म्हणाले. त्या एका होकारावर पंधरा वर्षं खेचरांच्या मागे गेली. मधे एकाहत्तरची लढाई झाली. फौज सुटल्यावर रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी मिळाली, म्हणून ते रायपूरला आले. माझं लहानपण गुढियारीत, मालगाड्यांच्या आवाजात गेलं.

शाळेत एकदा बाईंनी प्रत्येकाला वडलांविषयी बोलायला लावलं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की माझे बाबा लढाईत खेचरं चालवायचे. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी 'खच्चरवाले की बेटी' होते. पुढे मी शहाणी झाले. कोणी विचारलं तर 'फौजेत होते' एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, रायपुरातच चौबे कॉलनीत घर झालं, तरी ती सवय सुटली नाही.

बाबांची सवयही सुटली नव्हती. रस्त्यात घोडा, गाढव काहीही दिसलं की त्यांचं लक्ष आधी पायांकडे जाई. नाल ढिली आहे का, खूर फाटलाय का. माझ्या नणंदेच्या लग्नाची खरेदी करायला आम्ही तात्यापाऱ्याच्या बाजारात गेलो होतो, तेव्हा एका बँडवाल्याच्या दुकानासमोर नवरदेवाची घोडी उभी होती. लाल मखमल, आरसे, झालरी. बाबा सरळ तिच्यापाशी गेले आणि त्यांनी तिच्या पाठीवरची ती मखमल उचलली. खाली खोगिराच्या जागी बशीएवढी जखम होती, ओली, माश्या बसलेली. बाबांनी घोडीवाल्याला असं काही झापलं की आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. "ह्या पाठीवर तू तुह्या पोट्ट्याले बसव आन् मंग पाह्य," असं ते म्हणत होते. घोडीवाल्याला मराठी कळत नव्हती, पण रोख कळला. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली, आणि कुठेतरी बरंही वाटलं. हा माणूस जनावराला दुखावणार नाही, एवढं एक मी त्यांच्याबद्दल पक्कं धरून चालले होते.

आई गेल्यावर मी त्यांना गुढियारीहून माझ्याकडे आणलं. येताना त्यांनी एक तोबरा बरोबर घेतला. तोबरा म्हणजे जाड किंतानाची थैली. हरभरे भरून ती खेचराच्या तोंडाला बांधतात. ह्या तोबऱ्यात त्यांचं फौजेतून सुटल्याचं पुस्तक, पेन्शनचे कागद आणि डझनभर जुने फोटो होते. त्यांच्या कंपनीत कॅमेऱ्याचा नाद असलेला एक साहेब होता. त्यानं काढलेले हे फोटो, पांढऱ्या कडांचे, काळे-पांढरे. बर्फातून चाललेली खेचरांची लांब रांग. नाल्यात पोटापर्यंत बुडालेलं एक खेचर आणि त्याचं दावं ओढणारी दोन माणसं. आणि एक फोटो, जो आमच्या गुढियारीच्या घरात कायम भिंतीवर असायचा: वीस-बावीस वर्षांचे बाबा, डोक्यावर लोकरी टोपी, एक हात खेचराच्या मानेवर. खेचर कॅमेऱ्याकडे बघतंय, कान ताठ करून. बाबा खेचराकडे बघतायत.

दिवाळीच्या साफसफाईत मी तो तोबरा झटकायला घेतला. पेन्शनच्या कागदांच्या मागे एक घडी घातलेलं पाकीट होतं, त्यात मी कधीच न पाहिलेला एक फोटो.

अरुंद पायवाट. वाटेवर आडवं पडलेलं मेलेलं खेचर. मान लांब झालेली, जीभ बाहेर, जिभेला बर्फ चिकटलेलं. कपाळावर एक काळा ठिपका. मागच्या दोन्ही पायांना दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक हातात धरून, एक पाय खेचराच्या पोटाला टेकवून बाबा उभे. आणि ते हसत होते. सगळे दात दिसतील असं, शिकाऱ्यासारखं.

मेलेल्या जनावराचं काही नव्हतं, मी रस्त्यावर मेलेली कुत्री पाहिली आहेत. मला ते हसणं सोसलं नाही. मी फोटो घेऊन गॅलरीत गेले, बाबा तिथे उन्हात बसले होते. विचारलं, "हे काय आहे?"

त्यांनी फोटो घेतला, पाहिला, पुन्हा पाकिटात घातला. "ठेव तिथंच," म्हणाले. बस. मग ते समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत बसले.

त्यानंतर मला त्यांचं सगळंच खोटं वाटायला लागलं. घोडीवाल्याला झापणं खोटं. भिंतीवरचा मानेवर हात ठेवलेला फोटो खोटा. जेवताना ते काही आठवून हसले की मला ती पायवाट दिसायची.

अशात जानेवारी आला आणि कॉलनीच्या समितीनं ठरवलं की सव्वीस तारखेला आपल्या भागातल्या माजी सैनिकांचा सत्कार करायचा. समितीचे सचिव म्हणजे आमच्याच गल्लीतले एक कापडवाले, चाळिशीतले, सतत हसतमुख, हातात दोन मोबाइल. ते घरी आले. बाबांच्या पाया पडले. मग मला म्हणाले की जुना एखादा फोटो द्या, स्टेजच्या मागे मोठं फ्लेक्स लावायचं आहे.

मी भिंतीवरचा फोटो दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "दीदी, फोटो तो ज़बरदस्त है, बस ये खच्चर थोड़ा जम नहीं रहा."

आता खरं सांगते. मला त्या क्षणी राग यायला हवा होता. आला नाही. मला तेव्हा बाबांचाच इतका वीट आला होता की खेचर राहिलं काय आणि गेलं काय. आणि त्याखाली शाळेतली ती जुनी लाजही होती. सचिवांनी विचारलं की अंकल कोणत्या पलटणीत होते. मी म्हणाले, पायदळात. पुढच्या खोलीत बाबा बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पंचवीस तारखेला सचिवांनी माझ्या मोबाइलवर फ्लेक्सचं चित्र पाठवलं. मी ऑफिसात होते. उघडून पाहिलं. खेचर नव्हतं. त्याच्या जागी बाबांच्या हातात एक बंदूक होती, आताची, चकचकीत. टोपीचं हेल्मेट झालं होतं. मागे बर्फाऐवजी ज्वाळा, रणगाडा, आणि वर फडकणारा झेंडा. बाबांचे गाल गुलाबी केले होते. नजर मात्र तशीच बाजूला, जिथे आधी खेचराचं तोंड होतं तिथे. आता तिथे नुसता धूर होता. मी ते पाच-सहा सेकंद बघितलं आणि अंगठ्याची खूण पाठवून दिली. मग समोरची फाईल उघडली.

सव्वीस जानेवारीला सकाळी बाबांनी स्वतः दाढी केली, कोट घातला. मंडप कॉलनीच्या मैदानात होता. लाउडस्पीकरवर गाणी, खुर्च्यांना तिरंगी कापड, गरम जिलेबीचा वास. पाच माजी सैनिक होते, प्रत्येकाचं एकेक फ्लेक्स. बाबांचं मधे, सगळ्यात मोठं. मी त्यांचा हात धरून पायऱ्या चढवत होते. अर्ध्यात ते थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.

मला वाटलं होतं त्यांना पटकन कळणार नाही. डोळे अधू झालेत. पण त्यांना कळलं. त्यांचा हात माझ्या हातात घट्ट झाला, मग ढिला पडला. ते खुर्चीत जाऊन बसले, पण फ्लेक्सकडे पाठ येणार नाही असे तिरपे बसले. फोटोवाला समोर आला. "अंकल, थोड़ा स्माइल," म्हणाला. बाबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, इतकं की ओठ दिसेनात.

शाल झाली, श्रीफळ झालं. सचिवांनी माईक त्यांच्या तोंडासमोर धरला आणि लढाईचा एखादा प्रसंग सांगा म्हणाले. बाबा उभे राहिले. मागच्या चित्राकडे बोट केलं.

"हा मी नाही," ते म्हणाले.

सचिव माईकवर हसले. म्हणाले, हर जवान को लगता है कि वो जवानी कोई और थी. लोक हसले, टाळ्या वाजल्या. बाबा तसेच उभे होते. मग त्यांनी माईक स्वतःच्या हाताने पकडला आणि चार आकडे म्हटले. एकेक आकडा सुटा करून, ताठ मानेनं, जसं हजेरीला म्हणत असतील तसं. पुन्हा एकदा म्हटले.

मला ते आकडे ठाऊक होते. फौजेत प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. भिंतीवरच्या फोटोतल्या खेचराचा नंबर बाबा मला लहानपणी सांगायचे. पाढ्यांच्या आधी मी तो शिकले होते.

"बाबूजी ने अपना सर्विस नंबर सुनाया है! पचास साल बाद भी याद है!" सचिव ओरडले. सगळा मंडप उभा राहिला. घोषणा सुरू झाल्या. कोणीतरी बाबांवर फुलं टाकली. त्या सगळ्या गोंधळात बाबा मला शोधत होते, आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. माझे हात आपोआप वाजत होते. मी ते थांबवले तेव्हा त्यांनी मला पाहिलेलं होतं.

मला तिथली प्रत्येक गोष्ट सडकी वाटली. ती गुलाबी गालांची चित्रं, फुलं, माईकवरचं ते हसणं, दोन्ही हातांनी जिलेब्या खाणारी माणसं. आणि सगळ्यांत जास्त मी. त्या मंडपात त्या नंबराचा अर्थ माहीत असलेली मी एकटी होते, आणि मी उठून एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर बाबांनी शाल काढून खुर्चीवर टाकली. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, तो पाकिटातला फोटो आण. मी आणला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बोलायला लागले. मधे मधे थांबत होते, दम लागत होता.

लढाईच्या शेवटच्या दिवसांत ते गोळ्यांच्या पेट्या वर नेत होते. वाटेचा काठ ढासळला आणि बाबांचं खेचर वरच्या वळणावरून खालच्या वळणावर कोसळलं, पेट्यांसकट. हो, तेच खेचर, भिंतीवरचं. पुढचे दोन्ही पाय मोडले होते. ते ओरडत होतं. हवालदारानं येऊन त्याच्या कपाळात गोळी घातली. मोडक्या पायाच्या जनावराला दुसरं काही करता येत नसे. पण आता ते वाटेवर आडवं पडलं होतं आणि मागची खेचरं त्याला ओलांडून पुढे जाईनात. खेचर मेलेल्या खेचराजवळून जात नाही, अडून बसतं. वर माणसं गोळ्यांची वाट बघत होती.

"हवालदार माह्याकडे पाहून म्हणे, तू ओढ. तुमच्या घरी तर हेच काम करते ना लोकं."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध. आजोबांच्या गावात मेलेली ढोरं ओढणं आमच्या वस्तीच्या माथी होतं. आजोबांनी आणि वस्तीतल्या इतरांनी ते सोडलं. गावानं त्यांना पाणी बंद केलं, दुकान बंद केलं, एकदा मारलंही. आजोबा मोडले नाहीत. त्यांचा मुलगा फौजेत गेला तो याचसाठी, की पुन्हा कोणी त्याच्या हातात तो दोर देऊ नये.

"मी दोर बांधला," बाबा म्हणाले. "एकटाच ओढू लागलो. मंग एक गढवाली पोट्टा आला, त्यानं हात लावला. तेवढ्यात मागून कॅमेरेवाला साहेब आला. त्याले का माहीत काय झालं ते. म्हणे, अरे वा, इकडे पाहा, हासा. पोट्टा बाजूले सरला, मी हासलो."

"काहून हासलात, बाबा?"

"साहेब म्हणे म्हणून." ते फोटोवर बोट फिरवत होते, स्वतःच्या तोंडावर. "मले त्या जनावराची किळस नाही आली बाई कधी. मले माह्या दातायची आली. साहेबानं प्रेमानं फोटो धुऊन देला. फाडाले हात नाही झाला. त्याचा शेवटचा फोटो तोच होता माह्याजवळ."

फोटोनंतर त्यांनी आणि त्या गढवाली मुलानं खेचर कड्यावरून खाली लोटलं. पेट्या दुसऱ्या खेचरांवर वाटून चढवल्या आणि रांग पुढे गेली. हवालदारानं संध्याकाळी सगळ्यांना चहा दिला, बाबांनाही. बाबांनी तो प्यायला. हेही त्यांना आठवत होतं, आणि त्याचीही त्यांना किळस होती.

मी तेव्हा त्यांना सांगून टाकलं, की पायदळ मी म्हटलं होतं, आणि ते चित्र मी आधी पाहिलं होतं, आणि हो म्हटलं होतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं झालं असतं. म्हणाले, "आयकलं होतं मी. मीबी सुट्टीत गावाले गेलो का हेच सांगत होतो. बंदूक चालवतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी सचिवांच्या दुकानात गेले. म्हटलं, ते चित्र आणि तुमच्या फेसबुकच्या पानावरचा व्हिडिओ काढा. तोवर त्यांनी त्या चित्राचा व्हिडिओही करून टाकला होता. त्यात बाबा मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतात आणि सलाम ठोकतात. मी सांगितलं की ते खेचरवाले होते, तो नंबर खेचराचा होता. सचिवांनी एका गिऱ्हाइकाला साडीचा पदर उलगडून दाखवता दाखवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दीदी, लोगों को प्रेरणा मिल रही है. अब खच्चर का बोलेंगे तो अच्छा लगेगा क्या? अंकल की ही इज़्ज़त का सवाल है."

मी तिथे बरंच बोलले. आवाज चढला. गिऱ्हाईक उठून गेलं. रात्री मी कॉलनीच्या ग्रुपवर खरा फोटो टाकला, खेचरासकट, आणि खाली सगळं लिहिलं, खुरावरच्या नंबरापर्यंत. हवालदाराचं बोलणंही लिहिलं. त्यावर एका काकूंनी तेवढं लिहिलं की देशाच्या दिवशी जातीपातीचं कशाला. सकाळी मी ग्रुपमध्ये नव्हते. व्हिडिओ अजून फिरतोय. या वर्षीही जानेवारीत नागपूरच्या मावसभावाकडून मला आला, हात जोडलेल्या चिन्हांसकट.

बाबांची मला आता किळस येत नाही. भिंतीवरचा फोटो परत भिंतीवर आहे. पाकिटातला त्यांनी माझ्याकडे दिलाय. फ्रेम करू नको म्हणाले, फाडूही नको.

सचिव अधूनमधून भाजीच्या गाड्यापाशी भेटतात. नमस्ते दीदी, नमस्ते अंकल. मी भाजी निवडत राहते, मान वर करत नाही. बाबा मात्र हात वर करतात. परवा मी घरी आल्यावर त्यांना विचारलंच, की त्या माणसाला तुम्ही कशाला ओळख देता.

"त्याले का समजते बाई," बाबा म्हणाले. "त्यानं खेचर पाह्यलंच नसन कधी."

मला हे पटत नाही. त्यानं पाहिलं होतं. त्याच्या हातात दिलेल्या फोटोत ते होतं, कान ताठ करून सरळ त्याच्याकडे बघत होतं.